लिंबाजीच्या पिकअपचा आयुष्यभराचा कर

बोरपिंपरी गावात एक भोळा शेतकरी होता आणि त्याच्याकडे एक जुनी पिकअप गाडी होती. भोळ्याचं नाव लिंबाजी. गाडीला नाव नव्हतं. पण दोघांत शहाणं कोण, असं गावात कुणी विचारलं असतं तर लोकांनी गाडीकडे बोट दाखवलं असतं. ती निदान ब्रेक दाबला की थांबायची.

लिंबाजी विसरभोळा मात्र नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. एकदा सांगितलेलं तो जन्मात विसरत नसे. सांगणाऱ्याच्या तोंडाकडे नीट बघायचा, मान डोलवायचा आणि म्हणायचा, "ठेवलं ध्यानात." आणि खरंच ठेवायचा. फक्त ते कुठे वापरायचं आणि कुठे नाही, एवढं त्याला कुणी सांगत नसे, आणि तोही कधी विचारत नसे.

त्याची बायको केवळबाई. घरात तिची अक्कल चालायची, आणि बाहेर लिंबाजी चालायचा. त्यांची मोसंबीची बाग होती. गोठ्यात गोदी नावाची म्हैस होती, आटत आलेल्या दोन शेळ्या होत्या, आणि सगळ्यांना ढुशा देणारा एक माजलेला बोकड होता. पूर्वी बैलजोडीही होती. ती विकून ही जुनी पिकअप आणली. तेव्हापासून केवळबाईने गाडीला बैलाचाच मान दिला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळतात आणि त्यांना म्हणतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." केवळबाई ते हळद-तूप गाडीच्या बॉनेटला चोळायची. दुसऱ्या दिवशी गाडीवर झूल, आरशाला हार, आणि पुढे पुरणपोळीचा नैवेद्य. गाडी पोळी खात नाही म्हणून ती लिंबाजी खायचा. मग केवळबाई पुढच्या सीटवर बसून मारुतीच्या देवळाला फेरी मारायची. वर्षभरात तिची एवढीच काय ती चैन.

त्या साली पोळा तोंडावर आला आणि सरकारचा नियम बदलला. बातमी पिठाच्या गिरणीत आली, तिथून दळणाबरोबर घरोघर गेली. आजवर पिकअपचा कर दरवर्षी थोडा थोडा भरायचा असे. आता म्हणे, गाडीचं जेवढं आयुष्य उरलं असेल तेवढ्या सगळ्याचा कर एकदम भरायचा. पोळ्याच्या आत नाही भरला तर गाडी उचलून नेणार.

केवळबाईने दळणाचा डबा खाली ठेवला आणि गोठ्याकडे बघितलं. एकरकमी पैसा उभा करायचा तर घरात विकण्यासारखं एकच होतं. गोदी. गोदी केवळबाईच्या हाताखेरीज पान्हा सोडत नसे, आणि केवळबाई गोदीशी बोलल्याखेरीज चहा पीत नसे.

"आवो, हापिसात जाऊन इचारून या," ती म्हणाली. "शेतकऱ्याला काई सूटबीट हाय का बगा. माज्या गोदीला बाजार दाखवायची पाळी येऊ नये."

"ठेवलं ध्यानात," लिंबाजी म्हणाला आणि तालुक्याला गेला.

ऑफिसात खिडकीच्या आत एक साहेब होते. लिंबाजीने नमस्कार घातला.

"साहेब, गाडीच्या जल्माचा कर भरायचाय म्हनं."

"बरोबर. गाडीचा जन्म कधीचा?"

"जुनी घेतली, साहेब. जल्माच्या टायमाला आमी तितं नव्हतो."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं. नोकरी होती, उचलावंच लागतं. "हे बघा, मालाच्या गाडीचा कर वजनावर असतो. हलकी असेल तर कमी, जड असेल तर जास्त. काट्यावर वजन करून गाडी इथे दाखवायला आणा."

लिंबाजीने घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. केवळबाई म्हणाली, "मंग गाडी जमंल तेवढी हलकी करून न्या."

गाडीत शेणखताची पोती पडली होती आणि रिकाम्या कॅरेटांची चळत होती. तिला ते म्हणायचं होतं.

"ठेवलं ध्यानात," लिंबाजी म्हणाला.

त्याने आधी शेणखताची पोती उतरवली. मग कॅरेट उतरवले. इथवर सगळं ठीक होतं. मग त्याने पाना आणला आणि मागचे फाळके काढले. मग दरवाजे काढले. सीट काढली. आरसे काढले, भोंगा काढला, पुढे लटकवलेली लिंबू-मिरचीसुद्धा काढली. जास्तीचं चाक मात्र त्याने घेतलं, कारण वाटेत पंक्चर झालं तर लागेल. पण ते गाडीत ठेवलं तर वजन वाढणार. म्हणून ते त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतलं, आणि उकिडवा बसून, एका हाताने चाक सावरत, दुसऱ्या हाताने गाडी चालवत तो काट्यावर पोचला.

काटेवाला बराच वेळ बघत राहिला.

"मामा, त्ये चाक खाली ठिवा की."

"खाली ठिवलं तर गाडीवर वजन यील," लिंबाजी म्हणाला. "माज्या खांद्यावर हाय. गाडीला कशाला तरास?"

आणि आकडा बघताना त्याने श्वास रोखून धरला. श्वासाचंही वजन असतं म्हणतात.

ऑफिसच्या आवारात साहेब बाहेर आले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"हे काय आहे?"

"पिकअप."

"आणि उरलेली कुठे आहे?"

"घरी हाय, साहेब. कुठं जात न्हाई."

"अहो," साहेब म्हणाले, "गाडी जशी जन्मली तशी दाखवायची असते. काही काढायचं नाही, काही घालायचं नाही. जसं जन्मलं तसं."

मग लिंबाजीच्या खांद्यावरचं चाक बघून त्यांना दया आली. "तुम्ही शेतकरी ना? मग एक करा. स्वतःच्या शेतातला माल याच गाडीतून मोंढ्यात नेता, असा अडत्याचा दाखला आणा. तुम्हाला सूट बसवून देतो. पण पोळ्याच्या आत आणा. नंतर माझ्या हातात काही नाही."

"ठेवलं ध्यानात," लिंबाजी म्हणाला. "काढायचं न्हाई, घालायचं न्हाई. जसं जल्मलं तसं."

घरी केवळबाईने कपाळाला हात लावला. "आवो, पोती काडायची व्हती, दारं न्हाई." मग दोघांनी मिळून गाडी पुन्हा जोडली. शेवटी एक बोल्ट उरला. तो कुठला हे कळेना. टाकवत नव्हता म्हणून केवळबाईने देव्हाऱ्यात ठेवला. तो अजून तिथे आहे, आणि सणासुदीला त्यालाही कुंकू लागतं.

पण सूट मिळणार म्हटल्यावर तिच्या जिवात जीव आला. दुसऱ्या दिवशी गोदीला चारायला नेताना ती म्हणाली, "गाडीभर मोसंबी मोंढ्यात न्या. मन्मथअप्पाला घाला, आन् त्यांच्याकडून दाखला आना. दुसरं काई करू नका."

मन्मथअप्पा म्हणजे मोंढ्यातले, तालुक्याच्या घाऊक बाजारातले, अडते. लिंबाजीची मोसंबी वर्षानुवर्षं तेच घ्यायचे.

लिंबाजी बागेत गेला. मोसंबीला हात लावला आणि थबकला. तोडायची म्हणजे झाडावरून काढायची. आणि साहेबांनी तर बजावलं होतं, काढायचं नाही. जसं जन्मलं तसं न्यायचं.

मोसंबी झाडाला जन्मते.

त्याने कुदळ आणली. दुपारपर्यंत खणलं. एक आख्खं झाड, मुळासकट, मातीच्या गड्ड्यासकट, गाडीत उभं केलं. झाडात बुलबुलाचं घरटं होतं. काही काढायचं नाही म्हटल्यावर तेही तसंच राहिलं. बुलबुलाची मादी घरटं सोडायला तयार नव्हती, म्हणून ती बसल्या जागी मोंढा बघून आली. तिच्या जातीत एवढा प्रवास कुणी केला नसेल.

मोंढ्यात गाडी शिरली तशी हमालांनी पोती खाली ठेवली. मन्मथअप्पा गादीवरून उठून आले.

"लिंबाजी, ह्ये काय हाय?"

"मोसंबी, अप्पा."

"ह्ये झाड हाय."

"त्यालाच जल्मली ती. जसं जल्मलं तसं आनलं."

अप्पांनी झाडाकडे बघितलं. बुलबुलाने अप्पांकडे बघितलं. अप्पा म्हणाले, "आरं बाबा, माल तोडून, निवडून आनायचा असतो. मोठं वर, बारकं खाली. बगनाऱ्याच्या डोळ्यात आधी मोठं भरलं पायजे. तसा माल आन, लगेच दाखला देतो. झाडाचा दाखला मी देत न्हाई."

"ठेवलं ध्यानात. मोठं वर, बारकं खाली."

घरी केवळबाईने झाड पुन्हा खड्ड्यात उभं केलं, पाणी घातलं, त्याची माफी मागितली. दिवस तर पळत होते. तिला वाटलं, या माणसाला मालाबरोबर पाठवण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा माणसांबरोबर पाठवावं. माणसं निदान बोलतात.

"आसं करा," ती म्हणाली. "सरपंचाला आन् दोन-चार जाणत्या मानसांना गाडीत बसवून साहेबांकडं न्या. ते साक्ष देतील, की लिंबाजी शेतकरी हाय आन् गाडीत सोताचाच माल नेतो. साहेब मानतील."

सकाळी पारावर सरपंच धोंडीराव आणि आणखी काही मंडळी इस्त्रीचे कपडे घालून उभी होती. धोंडीराव म्हणजे अंगाने भरभक्कम. त्यांच्या शेजारी कोंडिबा उभा होता. तो इतका वाळका, की उन्हात उभा राहिला तरी त्याची सावली पडायला अनमान करायची.

लिंबाजीने सगळ्यांना ओळीने बघितलं. एकेकाच्या पोटावर बोटाने दाबून बघितलं. मंडळींना वाटलं, आपुलकीने विचारपूस चालली आहे. मग त्याने कोंडिबाला उचलून गाडीच्या तळाला आडवं केलं. त्याच्यावर त्याच्याहून जरा मोठा ठेवला, त्याच्यावर आणखी जरा मोठा.

धोंडीराव म्हणाले, "मी म्होरल्या सीटवर बसतो."

"न्हाई सरपंच, तुमी समद्यात वर. मोठं वरच असतंय. बगनाऱ्याच्या डोळ्यात आधी तुमी भरला पायजे."

हे सरपंचांना लगेच पटलं. ते केबिनच्या टपावर जाऊन बसले आणि वाटेतल्या सगळ्या गावांना हात करत निघाले.

"वरून बरं दिसतंय का, सरपंच?" लिंबाजीने विचारलं.

"लई बरं दिसतंय," सरपंच म्हणाले.

"मला काईच दिसत न्हाई," तळातून कोंडिबा म्हणाला.

तालुक्याच्या वेशीवर पोलिसाने गाडी अडवली.

"वर कोण आहे?"

"मोठं," लिंबाजी म्हणाला.

"आणि खाली?"

"बारकं."

पोलिसाने आधी मिशी पुसली, मग घाम पुसला. "ही मालाची गाडी आहे का माणसांची?"

"मालाची."

"मग लक्षात ठेवा. मालाच्या गाडीत माल न्यायचा. माणूस न्यायचा नाही. एकसुद्धा नाही. पुन्हा या गाडीत माणूस दिसला तर गाडी आत टाकीन."

"ठेवलं ध्यानात."

साक्षीदार भर उन्हात चालत घरी गेले. वाटेत त्यांनी लिंबाजीबद्दल जे म्हटलं ते इथे सांगण्यासारखं नाही. टपावर सरपंचांची बैठक उमटली होती, ती ठोकून काढायला केवळबाईला मुसळ लागलं.

आता शेवटून दुसरा दिवस उरला. केवळबाईने निरोप धाडला, की उद्या व्यापाऱ्याने गोदीला बघायला यावं. पण आशा सुटत नव्हती. म्हणून त्या दिवशी तिने लिंबाजीला काही करूच दिलं नाही. मोसंबी स्वतः तोडली. स्वतः निवडली. मोठी वर, बारकी खाली, कॅरेट भरले, गाडीत रचले. गाडीचं तोंडसुद्धा मोंढ्याच्या दिशेला करून ठेवलं. आता फक्त किल्ली फिरवायची, मोंढ्यात जायचं, दाखला घ्यायचा. चुकायला जागाच नव्हती.

"भाकर बांधून आनते," म्हणून ती आत गेली.

लिंबाजी आत बसला. किल्ली लावली. आणि त्याला आठवलं, की मालाच्या गाडीत माणूस न्यायचा नाही. एकसुद्धा नाही.

त्याने आरशात बघितलं. माणूसच होता.

तो मुकाट्याने खाली उतरला. गाडी आपोआप जाईल का म्हणून थोडा वेळ वाट बघितली. गाडी गेली नाही. तेवढ्यात गोठ्यात गोदी हंबरली, आणि लिंबाजीला सुचलं. गोदी माणूस नाही.

त्याने गोदीला आणून दाव्याने गाडीला जुंपलं, गाडीचा गिअर मोकळा केला आणि स्वतः बाजूने चालू लागला. गोदीने इतकी वर्षं दूध दिलं होतं, गाडी ओढायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती. तरी ती निघाली. स्वभावाने गरीब होती.

गावाबाहेर उतार आहे आणि उताराच्या तळाशी गावतळं आहे. म्हशीला आणि तळ्याला एकमेकांपासून लांब ठेवणं कुणाला जमलं आहे? गोदीने पाणी बघितलं, शेपटी वर केली आणि धावली. मागून गाडी धावली. त्यामागून लिंबाजी धावला, पण तो गाडीत नव्हता, म्हणजे नियमात होता. गोदी तळ्यात जाऊन बसली, तिला नेहमी जिथे बसायला आवडतं तिथेच. चाकं बुडाली तशी गाडीही तिच्या शेजारी जाऊन थांबली. कॅरेट उलटले आणि सगळं तळं मोसंब्यांनी भरून गेलं. पोरंटोरं उड्या मारून पडली. असा पोहण्याचा दिवस गावात परत आला नाही.

केवळबाई भाकरीचं फडकं हातात घेऊनच धावत आली. कमरेइतक्या पाण्यात शिरली. दाव्याची गाठ सोडली, गोदीच्या गळ्यात हात टाकले आणि रडू लागली. तिला त्या क्षणी गाडीचं काही वाटलं नाही, मोसंबीचं नाही, सरकारचंही नाही. उद्या हिला परका माणूस दोरी लावून नेणार, एवढंच तिला दिसत होतं.

काठावरून लिंबाजी म्हणाला, "बरं झालं गाडीत मानूस नव्हता. बुडाला असता."

केवळबाईने डोळे पुसले. आणि तिथेच पाण्यात उभी राहून तिने ठरवलं. "ऐका. गोदीला कुनी हात लावायचा न्हाई. त्या येपाऱ्याला सांगा, येऊ नको म्हनावं. दूध देनारं कुनी इकत असतंय का? इकायचं तर भाकड इकावं. जे नुसतं खातं-पितं आन् देत काईच न्हाई, ते काय पुजायला ठिवायचंय? उद्या बाजार हाय. भाकड हाय ते इका, समदा कर भरा, आन् मोकळे व्हा."

तिच्या मनात त्या आटत आलेल्या दोन शेळ्या होत्या आणि तो माजोरी बोकड होता. तळ्यातली मोसंबी वेचून, धुऊन विकली की त्यात भर पडली असती. पण शेळ्यांचं नाव काही तिने घेतलं नाही. एवढं तरी नवऱ्याला कळेल, असं तिला वाटलं. इतक्या वर्षांच्या संसारानंतरही बाईमाणसाला असं वाटतं, याचंच नवल.

"ठेवलं ध्यानात," लिंबाजी म्हणाला. "दूध देनारं ठिवायचं. भाकड इकायचं."

गावातल्या ट्रॅक्टरने गाडी बाहेर ओढली. किल्ली फिरवल्यावर ती खोकली, शिंकली आणि सुरू झाली. जुन्या गाडीला पाण्याचं फारसं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे केवळबाई पाटी घेऊन तळ्यावर मोसंबी वेचायला गेली आणि लिंबाजी गोठ्यात गेला. घाई करायची नाही, नीट तपासून बघायचं, असं त्याने ठरवलं होतं. एका शेळीची धार काढून बघितली. चार थेंब आले. म्हणजे देते. दुसरीचे तीन आले. म्हणजे तीही देते. कोंबडीखाली हात घातला, अंडं निघालं. बोकडाला दुधाचं विचारणं बरं दिसेना, म्हणून त्याला सोडून दिलं.

मग तो अंगणात आला. तिथे गाडी उभी होती.

लिंबाजीने तिच्याभोवती फेरी मारली. खाली वाकून बघितलं. जिथे जिथे काही लोंबत होतं तिथे तिथे दाबून बघितलं. थेंब नाही. आणि डिझेल तर दर आठवड्याला प्यायची.

केवळबाई दिवसभर आनंदात होती. मोसंबी वेचून आली, अंगण सारवलं, जुन्या जरीच्या लुगड्याची गाडीसाठी नवी झूल शिवायला बसली. दुपारी शेळ्यांचं ओरडणं कानावर आलं. तिला वाटलं, विकल्या बिचाऱ्या, त्यांची आठवणच येते आहे. तिने डोळ्याला पदर लावला आणि पुन्हा टाके घालू लागली. गोदीला सांगितलं, "वाचलीस बाई." संध्याकाळी वाटीत हळद-तूप कालवून, झूल मांडीवर घेऊन ती ओट्यावर येऊन बसली. गावात जागोजाग खांदेमळणी सुरू झाली होती.

लिंबाजी आला. चालत आला. हातात पेढ्यांचा पुडा होता आणि तोंडभर हसू.

"भरला का कर?"

"भरला. आख्ख्या जल्माचा. आता गाडी जिती हाय तवर येक पैसा भरायचा न्हाई."

केवळबाईने मारुतीच्या देवळाच्या दिशेने हात जोडले. "माजी गोदी वाचली."

"गोदी वाचली," लिंबाजी म्हणाला. "शेळ्या वाचल्या. बोकड बी वाचला."

केवळबाईचे हात जोडलेलेच राहिले. गोठ्यात शेळी ओरडली.

"गाडी कुठं हाय?"

"इकली."

"काय इकलं?"

"गाडी. तूच म्हनलीस, भाकड इका. समद्यांची धार काडून बगितली. भाकड ती येकटीच निघाली."

केवळबाई ओट्यावर टेकली. बसलेलीच होती, तरी टेकली. "कुनाला इकली?"

"मन्मथअप्पाला. त्या पैशातून कर भरला. अप्पा बी संगं आला व्हता हापिसात. वाटंत सारखं इचारत व्हता, गाडी इकून गाडीचाच कर भरतूस का लिंबाजी, नीट इचार कर. म्या म्हनलं, मंग काय म्हैस इकून भरू? साहेबांनी बी तेच इचारलं. त्येंनाबी तेच सांगितलं. साहेब उटून उभं ऱ्हायलं आन् माज्या हातात हात दिला."

"आन् उरलेलं पैसं?"

"पेढं आनलं. बाकीचं ह्ये." त्याने कनवटीला घातलेला हात काढून पुढे केला. तो हात फार भरलेला नव्हता.

केवळबाईने लांब श्वास घेतला. मग तिच्या डोक्यात काहीतरी चमकलं. "पावती द्या. पावतीवर तुमचं नाव असंल. सकाळीच अप्पाच्या दारात जाते आन् म्हनते, कर आमी भरलाय, त्येचं पैसं तरी द्या. द्या पावती."

"पावती न्हाई."

"कुठं टाकली?"

"टाकीन कशी? साहेबांनी बजावून सांगितलं, लिंबाजी, पावती जपायची. घरी न्यायची न्हाई. कायम गाडीतच ठिवायची. म्या म्हनलं, ठेवलं ध्यानात."

"मंग?"

"गाडीतच ठिवली."

केवळबाईने मांडीवरच्या नव्या झुलीकडे बघितलं. हळद-तुपाच्या वाटीकडे बघितलं. रिकाम्या अंगणाकडे बघितलं. मग लिंबाजीकडे बघितलं. आधी तिचे खांदे हलले. मग पदर तोंडात गेला. आणि मग ती अशी हसत सुटली, की गोदीने रवंथ थांबवला आणि शेजारची माणसं बैल सोडून कुंपणापाशी आली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण गोदी गोठ्यात होती आणि उद्याही गोठ्यातच असणार होती, म्हणून ते पाणी तिने पुसलंही नाही.

ती उठली. जरीची झूल तिने लिंबाजीच्या पाठीवर टाकली. कोपरे नीट केले. मग त्याला खाली बसवून त्याच्या खांद्यांना, मानेला हळद-तूप चोळू लागली. लिंबाजी गुमान मान पुढे करून बसला. अंगाला तूप बरं वाटत होतं.

"आज आवतन घ्या," केवळबाई म्हणाली, "उद्या जेवाया या."

"ठेवलं ध्यानात," लिंबाजी म्हणाला.

दिवेलागण झाली. केवळबाईने ताट वाढलं. गरम पिठलं, भाकरी, वर कांदा. तिने हाक मारली. लिंबाजी गोठ्यात गोदीच्या शेजारी झूल पांघरून बसला होता, तो उठेना. तिने पुन्हा हाक मारली.

"आज न्हाई," आतून आवाज आला. "आज नुसतं आवतन हाय."